नदीत वाहणाऱ्या कार्पच्या अंड्यांचा माग: मॉडेल उभारण्याची सविस्तर पद्धत

सिल्व्हर कार्प, बिगहेड आणि ग्रास कार्प हे मासे अंडी दगडाला चिकटवत नाहीत की घरटं करून राखत नाहीत. नदीला पाणी चढलं की खळाळत्या प्रवाहात ती सोडून देतात आणि पुढचं सगळं नदीवर. अंडं पाण्यापेक्षा किंचित जड असतं. स्थिर पाण्यात ते तळाला जातं, गाळात दडपतं आणि बहुधा मरतं. वाहत्या पाण्यातली खळबळ त्याला उचलून धरते, तेवढ्यावरच ते जगतं. म्हणून विचारायचे प्रश्न दोनच: पिल्लू बाहेर पडेपर्यंत नदी अंड्याला वर धरून ठेवेल का, आणि तोवर ते कुठवर पोचलेलं असेल?

हा प्रश्न सध्या सर्वांत निकडीचा आहे तो अमेरिकेत. ग्रास कार्प १९६३ साली आर्कान्सा आणि अलाबामा इथल्या संशोधन केंद्रांत आणला गेला, सिल्व्हर आणि बिगहेड १९७०च्या दशकात आले. मिसिसिपीच्या खोऱ्यात ते मोकाट पसरले आणि आता धास्ती ग्रेट लेक्सची, म्हणजे अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या मोठ्या सरोवरांची आहे. २०१५ मध्ये ईरी सरोवराला मिळणाऱ्या सँडस्की नदीत ग्रास कार्पची आठ फलित अंडी सापडली. ग्रेट लेक्सच्या खोऱ्यात हा मासा वीण घालतो याचा तो पहिला थेट पुरावा ठरला. आठ अंडी ही संख्या किरकोळ वाटेल, पण त्यांचं वय आणि नदीचा वेग हाती असला की ती कुठून आली हे काढता येतं. ते काढण्याचं साधन म्हणजे अंड्यांच्या वहनाचं मॉडेल. इलिनॉय विद्यापीठ आणि अमेरिकेचं भूगर्भ सर्वेक्षण खातं, म्हणजे यूएसजीएस, यांनी मिळून केलेलं ‘फ्लूएग’ हे त्यातलं सर्वाधिक वापरातलं. त्यावरचा मूळ शोधनिबंध २०१३चा.

खालची पद्धत फ्लूएग वापरणाऱ्याला लागू पडते आणि स्वतःचं मॉडेल लिहिणाऱ्यालाही. गणित फार अवघड नाही. निकाल बिघडतो तो आत भरलेल्या तापमानामुळे आणि वेगामुळे, म्हणून या लेखातली बरीच जागा त्या दोन गोष्टींनाच दिली आहे.

आधी प्रश्न पक्का करा

एकाच मॉडेलकडून तीन वेगवेगळी कामं घेतली जातात. पहिलं, एखादी नदी विणीला लायक आहे का ते पाहणं. दुसरं, अमुक ठिकाणी वीण झाली तर अंडी कुठे फुटतील ते सांगणं. तिसरं, जाळ्यात सापडलेल्या अंड्यावरून वीण कुठे झाली ते उलटं शोधणं. पहिल्या कामाला स्थिर विसर्गाचे बरेच पर्याय चालवून भागतं. तिसऱ्याला त्या विशिष्ट दिवसांचा तासातासाचा विसर्ग लागतो, सरासरी चालत नाही. हे मासे पाणी चढताना वीण घालतात, त्यामुळे अंड्यांचा प्रवास नेमका विसर्ग झपाट्याने बदलत असतानाच होतो. महिन्याच्या सरासरी विसर्गावर चालवलेलं मॉडेल कधीही न घडलेल्या घटनेचं उत्तर देतं.

आणखी एक जुना समज इथेच बाजूला ठेवा. विणीसाठी किमान १०० किलोमीटर मोकळी नदी आणि सेकंदाला ०.७ मीटर वेग लागतो, असं बरीच वर्षं धरलं जात असे. यूएसजीएसने मिलवॉकी, सेंट जोसेफ, मॉमी आणि सँडस्की या चार नद्यांची मोजमापं घेतल्यावर, पाणी गरम असेल आणि प्रवाह बरा असेल तर सुमारे २५ किलोमीटरही पुरू शकतात असं दिसलं. लागणारा वेगही सेकंदाला ०.१५ ते ०.२५ मीटरच्या आसपास खाली आला. म्हणून ‘नदी आखूड आहे, धोका नाही’ असं नकाशा पाहून ठरवू नका.

अंड्याचं घड्याळ: तापमान

अंडं किती वेळ वाहणार हे तापमान ठरवतं. २७-२८ अंश सेल्सिअसला पिल्लू एका दिवसाच्या आत बाहेर पडतं, १८-१९ अंशांना दोन दिवसांहून जास्त लागतात. या वाढीचा हिशेब ‘साचलेल्या उष्णते’त करायचा: पाण्याच्या तापमानातून वाढ थांबते ते किमान तापमान वजा करा, उरलेल्या अंशांना तासांनी गुणा आणि बेरीज करत चला. बेरीज ठरावीक आकड्याला पोचली की अंडं फुटलं. किमान तापमान या तिन्ही जातींत १२ ते १४ अंशांच्या दरम्यान येतं. प्रत्येक जातीचा आकडा तिच्या प्रसिद्ध झालेल्या वाढीच्या तक्त्यातून घ्या, एकीचा दुसरीला लावू नका.

तापमानातल्या चुकीची किंमत आकड्यांत पाहा. किमान तापमान १३.३ अंश आणि २२ अंशांना फुटण्याचा काळ ३२ तास धरला, तर उष्णतेची बेरीज ८.७ गुणिले ३२, म्हणजे सुमारे २७८ अंश-तास होते. तीच बेरीज २४ अंशांना २६ तासांत भरते. नदीचा वेग सेकंदाला ०.८ मीटर असेल तर पहिल्या बाबतीत अंडं ९२ किलोमीटर जातं, दुसऱ्यात ७५. दोन अंशांच्या चुकीत १७ किलोमीटर गेले. सँडस्कीसारख्या आखूड नदीत एवढ्या फरकाने उत्तर नदीतून सरोवरात जाऊन पडतं.

तेव्हा तापमानाची नोंद अशी घ्या:

- दर १५ मिनिटांनी नोंद करणारे लॉगर निदान तीन ठिकाणी लावा: विणीच्या संभाव्य जागी, मधल्या टप्प्यात आणि खालच्या टोकाला.
- लॉगर वाहत्या धारेत, सावलीत किंवा पांढऱ्या नळीत ठेवा. काठच्या उथळ पाण्यात उन्हात राहिलेला लॉगर दुपारी खोटं गरम पाणी दाखवतो.
- मोठी उपनदी मिळते तिच्या खाली आणि वीजकेंद्राचं गरम पाणी सोडतात तिथे खालच्या अंगाला वेगळा लॉगर हवा.
- धरणाच्या तळातून सोडलेलं पाणी बरंच थंड असतं, ते पुढे हळूहळू तापतं. अशा नदीला एकच सरासरी तापमान लावलं की घड्याळ वरच्या टप्प्यात पुढे धावतं आणि खालच्या टप्प्यात मागे पडतं.

अंडं किती जड, किती मोठं

सोडल्याबरोबर अंडं लहान आणि तुलनेने जड असतं. मग ते पाणी शोषून फुगतं. भिंगाखाली पाहिलं तर काचेच्या मण्यासारखं पारदर्शक आवरण, आत भरपूर पाणी आणि मधोमध इवलासा गर्भ. फुगल्यावर व्यास साधारण ४ ते ६ मिलिमीटर होतो आणि घनता पाण्याच्या अगदी जवळ येते. याचा अर्थ पहिले एक-दोन तास सर्वांत धोक्याचे: अंडं तेव्हा सर्वांत वेगाने बुडतं. धरणाच्या खालच्या खळाळात किंवा खडकाळ उतारावर वीण होते त्याचं कारण यात सापडतं. म्हणून मॉडेलमध्ये व्यास आणि घनता काळानुसार बदलत्या ठेवा. सुरुवातीपासून फुगलेलं अंडं धरलं तर विणीच्या जागेखालचा डोह निर्धोक दिसतो, आणि प्रत्यक्षात तोच डोह बरीचशी अंडी गिळतो.

बुडण्याचा वेग काढताना स्टोक्सचं सूत्र, म्हणजे अगदी बारीक कणांसाठीचं साधं सूत्र, वापरू नका. ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. व्यास ५ मिलिमीटर आणि अंडं पाण्यापेक्षा ०.१५ टक्के जड असेल, तर २२ अंशांच्या पाण्यात स्टोक्सचं उत्तर सेकंदाला सुमारे २.१ सेंटिमीटर येतं. खरा वेग ०.७४ सेंटिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे जवळपास एक तृतीयांश. कारण असं की इथे रेनॉल्ड्स अंक (वेग गुणिले व्यास, भागिले पाण्याची गतिज श्यानता) ४०च्या घरात जातो आणि स्टोक्सचं सूत्र एकच्या खाली लागू पडतं. शिलर-नॉमनसारखं अवरोध गुणांकाचं सूत्र घ्या आणि वेग व अवरोध आळीपाळीने काढत उत्तर स्थिरावेपर्यंत फेऱ्या करा. चार-पाच फेऱ्या पुरतात. फ्लूएग यासाठी डीट्रिच यांचं १९८२चं सूत्र वापरतं.

घनतेतही एक सापळा आहे. पाण्याची घनता २० अंशांना घनमीटरला ९९८.२ किलो असते, २५ अंशांना ९९७.०. हा १.२ किलोचा फरक अंडं आणि पाणी यांच्यातल्या एकूण फरकाएवढाच आहे! अंड्यात बहुतांश पाणीच असल्याने त्याचीही घनता तापमानाबरोबर जवळपास तेवढीच उतरते. दोन्ही बाजू दुरुस्त केल्या तर ठीक. फक्त पाण्याची घनता बदलली आणि अंड्याची प्रयोगशाळेतलीच ठेवली, तर गरम पाण्यात अंडं दुप्पट जड किंवा थंड पाण्यात चक्क तरंगणारं निघतं.

जिवंत अंडी मिळत असतील तर बुडण्याचा वेग स्वतः मोजावा. किमान १० सेंटिमीटर रुंद आणि ५० सेंटिमीटर उंच पारदर्शक नळा घ्या, त्यात अंड्यांच्याच तापमानाचं पाणी भरून अर्धा तास स्थिर होऊ द्या. रुंद तोंडाच्या ड्रॉपरने अंडं पृष्ठभागाखाली अलगद सोडा. पहिले १० सेंटिमीटर सोडून द्या, पुढच्या २० सेंटिमीटरना लागलेला वेळ मोजा. वरच्या उदाहरणातल्या अंड्याला २७ सेकंद लागतील. नळ्याच्या एका बाजूला ऊन किंवा दिवा असला की पाण्यात मंद भोवरे उठतात आणि अंडं चक्क वर चढताना दिसतं. तशी मोजणी टाकून द्या. फॉर्मॅलिन किंवा अल्कोहोलमध्ये ठेवलेली अंडी या कामाला निरुपयोगी, कारण त्यांचा आकार आणि घनता दोन्ही बदललेले असतात.

नदीचे रकाने भरणं

नदीचे लांबीनुसार टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याला खोली, विसर्ग, सरासरी वेग, घर्षण वेग आणि तापमान द्यायचं. फ्लूएगच्या तक्त्यात याशिवाय उभा आणि आडवा वेगही असतो, एकमितीय कामात ते शून्य ठेवतात. हे आकडे बहुधा हेक-रास या अमेरिकी लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाच्या, नदीची पातळी आणि वेग काढणाऱ्या सॉफ्टवेअरमधून येतात. अकूस्टिक डॉप्लर यंत्राने, म्हणजे ध्वनिलहरींनी वेग मोजणाऱ्या यंत्राने, नदीत मोजलेले असतील तर आणखी चांगले.

हेक-रासचं मॉडेल सहसा पुराच्या पातळीसाठी जुळवलेलं असतं आणि घात तिथेच होतो. पाण्याची पातळी अचूक जुळली म्हणजे वेग जुळला असं नाही. आडव्या छेदात काठचं साचलेलं पाणी वाहतं म्हणून धरलं गेलं, तर क्षेत्रफळ फुगतं आणि वेग घटतो. अंड्यांच्या कामाला साचलेले भाग ‘निष्क्रिय प्रवाहक्षेत्र’ म्हणून वेगळे काढा आणि निदान दोन विसर्गांना वेग मोजून पडताळा. ऱ्होडामाइन रंग सोडून तो खाली पोचायला किती वेळ लागतो ते मोजणं हा सर्वांत प्रामाणिक पडताळा, कारण अंडीही तसाच प्रवास करणार असतात. वेगात १० टक्के चूक म्हणजे वरच्या उदाहरणात ९ किलोमीटर.

घर्षण वेग म्हणजे तळाशी होणाऱ्या घर्षणातून येणाऱ्या खळबळीचं माप. अंडं वर राहणार की बुडणार हे त्यावर ठरतं. मॅनिंगच्या खरबरीतपणावरून तो असा काढा: सरासरी वेग गुणिले मॅनिंगचा गुणांक गुणिले ३.१३, भागिले जलीय त्रिज्येचं (छेदाचं क्षेत्रफळ भागिले ओल्या काठा-तळाची लांबी) सहावं मूळ. वेग ०.८, गुणांक ०.०३, त्रिज्या ३ मीटर असेल तर उत्तर सेकंदाला ०.०६३ मीटर. इथे ध्यानात घ्या, मॅनिंगचा गुणांक पातळी जुळवण्यासाठी मनमानी वाढवलेला असेल तर खळबळही खोटी वाढते आणि अंडी कागदावर मजेत तरंगत राहतात. शंका आली तर उभ्या छेदातल्या मोजलेल्या वेगांना लॉगरिदमी रेषा बसवून घर्षण वेग काढा आणि ताडून पाहा.

मग प्रत्येक टप्प्याचा राऊस अंक काढा: बुडण्याचा वेग भागिले (०.४१ गुणिले घर्षण वेग). वरच्या टप्प्यात तो ०.३ येतो, अंडी पाण्याच्या सगळ्या खोलीत विखुरलेली राहतील. त्याच नदीत पुढे बंधाऱ्याचा फुगवटा लागला, वेग ०.१ आणि खोली ५ मीटर झाली, की घर्षण वेग ०.००७वर येतो आणि राऊस अंक २.५वर जातो. अंडी तळालगत गोळा होणार. मॉडेल चालवण्याआधी नुसता हा अंक नदीच्या लांबीवर मांडून पाहिला तरी धोक्याचे डोह उघडे पडतात. आमच्या मते हा आलेख काढल्याशिवाय पुढे जाऊच नये. इलिनॉय नदीसारख्या नदीत, जिथे स्टार्व्हड रॉक, मार्सेलस, ड्रेस्डेन आयलंड अशा जलपाशांच्या (बोटी वर-खाली नेणाऱ्या दारांच्या बंधाऱ्यांच्या) मागे फुगवटे एकापाठोपाठ एक येतात, तिथे नदीचा नकाशा या आलेखातच दिसतो.

नदी सरोवराला मिळत असेल तर खालच्या टोकाला सरोवराची तासातासाची पातळी द्या. ईरी सरोवर वाऱ्याने हेलकावतं आणि मुखाजवळचा प्रवाह काही तास थांबतो, कधी उलटाही फिरतो. दिवसाच्या सरासरी पातळीत हे सगळं पुसलं जातं आणि अंडी सरोवरात सुखरूप पोचल्याचं दिसतं.

अंड्याची एक उडी

दर काळ-पायरीला प्रत्येक अंडं तीन कारणांनी हलतं: प्रवाह त्याला पुढे नेतो, वजन खाली ओढतं आणि खळबळ कुठेही ढकलते.

पुढे नेणारा वेग अंड्याच्या उंचीवरून घ्या, सरासरीवरून नको. ३ मीटर खोल आणि सरासरी ०.८ वेगाच्या वरच्या टप्प्यात घर्षण वेग ०.०६ धरला, तर पृष्ठभागाशी वेग ०.९५ येतो आणि तळाच्या ५ टक्के उंचीवर ०.५१. जड अंडी मागे पडतात, हलकी पुढे जातात, आणि अंड्यांचा लोट लांबत जातो.

उभ्या ढकलीला तळाशी शून्यापासून वाढत जाऊन मध्यावर कमाल होणारा आणि वर स्थिर राहणारा विसरणांक, म्हणजे खळबळ किती जोराने पसरवते त्याचं माप, वापरतात. मध्यावरचं मूल्य ०.२५ गुणिले ०.४१ गुणिले घर्षण वेग गुणिले खोली. हा अंक उंचीनुसार बदलतो, म्हणून नुसती यादृच्छिक उडी घेतली तर अंडी विसरण कमी असलेल्या जागी, म्हणजे तळाशी, खोटी साचतात. व्हिसर यांनी १९९७ मध्ये दाखवलेली दुरुस्ती अवश्य करा: विसरणांकाच्या उताराला काळ-पायरीने गुणून तेवढं जादा सरकवा, आणि यादृच्छिक उडीसाठी विसरणांक त्या सरकण्याच्या निम्म्या अंतरावरचा घ्या. उडी म्हणजे दोन गुणिले विसरणांक गुणिले काळ-पायरी, त्याचं वर्गमूळ, गुणिले प्रमाण वितरणातला एक यादृच्छिक अंक. पृष्ठभाग ओलांडला किंवा तळ भेदला तर अंडं आरशासारखं परतवा.

काळ-पायरी ‘खोली भागिले (२ गुणिले ०.४१ गुणिले घर्षण वेग)’ या काळापेक्षा बरीच लहान हवी. ३ मीटर खोली आणि ०.०६ घर्षण वेगाला तो ६१ सेकंद येतो, तेव्हा ६ सेकंदांची पायरी ठीक. पण त्याच नदीत ०.६ मीटर खोल आणि ०.१ घर्षण वेगाचा खडकाळ उथळ पट्टा असेल तर मर्यादा ७.३ सेकंदांवर येते आणि पायरी एका सेकंदाखाली न्यावी लागते. सगळ्या नदीची पायरी तिचा सर्वांत उथळ टप्पा ठरवतो. हे विसरलं की अंडी एकाच उडीत तळ ते पृष्ठभाग करतात आणि निकाल तरीही दिसायला गुळगुळीत येतो, म्हणून चूक सापडत नाही.

आडव्या पसरणीला ०.६ गुणिले खोली गुणिले घर्षण वेग हा विसरणांक चालतो. ६० मीटर रुंद नदीत काठाशी सोडलेला लोट पूर्ण रुंदीत मिसळायला या हिशेबाने पावणेचार तास आणि दहा-अकरा किलोमीटर लागतात. विणीच्या जागेपासून त्याहून जवळ जाळं लावणार असाल तर कुठल्या काठाला लावता याने निकाल बदलतो.

चालवण्याआधीच्या तीन चाचण्या

पहिली: अंड्याचं वजन पाण्याएवढं करा, अंडी सगळ्या खोलीत सारखी पसरून सोडा आणि काही तास चालवा. ती शेवटीही सारखीच पसरलेली हवीत. तळाशी किंवा वर गर्दी झाली तर व्हिसरची दुरुस्ती चुकली आहे किंवा पायरी मोठी आहे. दुसरी: बुडण्याचा वेग कायम ठेवून एकसारख्या नदीत चालवा, उभी मांडणी राऊसच्या सैद्धांतिक वक्राशी जुळली पाहिजे. इथे तुमचा विसरणांक वरच्या अर्ध्यात स्थिर आहे हे धरून वक्र काढा, पूर्ण परवलयाचा वक्र पृष्ठभागाजवळ वेगळा निघतो. तिसरी: पायरी निम्मी करा. निकाल हलला तर आणखी निम्मी करा.

सोडणं आणि निकाल वाचणं

सगळी अंडी एका क्षणी सोडणं सोपं असतं, पण वीण काही तास चालते. विसर्ग चढता असेल तर दर तासाला एक तुकडी सोडा. उंची पृष्ठभागाजवळची ठेवा, हे मासे वरच्या पाण्यातच घुसळण करत वीण घालतात.

किती अंडी पुरतात हे तुम्हाला कुठला आकडा हवा आहे त्यावर आहे. लोटाचा मध्य शोधायला एक हजार पुरेत. पण ‘एक टक्का अंडी सरोवरात पोचतात’ असं म्हणायचं असेल तर एक हजारात तो एक टक्का म्हणजे दहा अंडी, आणि चूक ३१ टक्क्यांची. दहा हजारांत ती १० टक्क्यांवर येते. धोक्याच्या कामात शेपटीच, म्हणजे टोकाची थोडी अंडीच, महत्त्वाची असते, तेव्हा अंडी वाढवा आणि प्रत्येक चालवणं वेगळ्या यादृच्छिक बीजाने निदान दहा वेळा करा. पाच विसर्ग, चार तापमानं आणि दहा फेऱ्या म्हणजे २०० चालवणी, तेवढी तयारी ठेवा.

निकालात फुटण्याच्या क्षणी अंडी कुठे होती याचे ५, ५० आणि ९५ टक्क्यांचे बिंदू द्या. त्याबरोबर प्रवासात कुठल्या अंड्यांनी तळाच्या ५ टक्क्यांत किती वेळ काढला ते द्या. आरशासारखा तळ अंड्याला कधीच मारत नाही, गाळात दडपत नाही, म्हणून मॉडेल जगण्याचं प्रमाण नेहमी वाढवून दाखवतं. तळातल्या वेळावर मर्यादा लावून दुसरा आकडा काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. एकमितीय मॉडेलला काठचे संथ खोबे आणि प्रवाह वळवणाऱ्या धक्क्यांमागचे भोवरेही दिसत नाहीत. तिथे अडकलेली अंडी मागे रेंगाळतात, त्यामुळे खऱ्या लोटाची शेपटी मॉडेलपेक्षा लांब असते.

पिल्लू बाहेर पडलं म्हणजे प्रवास संपला असंही नाही. जिरे अवस्थेत, म्हणजे नुकतंच बाहेर पडलेलं असताना, ते वर-खाली हलतं पण प्रवाहाविरुद्ध टिकत नाही. हवेची पिशवी फुगेपर्यंत आणखी काही दिवस ते वाहतंच. संथ निवाऱ्याचा प्रश्न तिथून सुरू होतो.

उलटा शोध आणि जाळ्याशी मेळ

सापडलेल्या अंड्यावरून मागे जायचं असेल तर भिंगाखाली गर्भाची अवस्था ओळखा, तक्त्यावरून तिला लागणारी उष्णतेची बेरीज घ्या आणि लॉगरच्या नोंदी मागे मागे वजा करत वीण झाल्याची वेळ काढा. मग नदीचा वेग उलटा करून अंडी मागे चालवा. खळबळीचं चिन्ह मात्र उलटं करू नका. मिसळलेलं पाणी पुन्हा वेगळं होत नाही, उलट्या प्रवासातही लोट पसरतच जातो. त्यामुळे उत्तर एक बिंदू नसून एक पट्टा येतो. त्या पट्ट्यातली खळाळाची, धरणाखालची जागा शोधा आणि तिथून पुढच्या दिशेने चालवून अंडी जाळ्याच्या ठिकाणी त्याच वेळी त्याच अवस्थेत येतात का ते पाहा. सँडस्कीवर बॉलव्हिल धरण २०१८ मध्ये पाडलं गेलं. त्याआधी उलटा पट्टा धरणापाशी आपोआप थांबत असे, आता तो त्याच्या वरही मोकळा ठेवावा लागतो.

जाळं ५०० मायक्रॉन छिद्रांचं, तोंडाशी प्रवाहमापक असलेलं घ्या. अर्धा मीटर व्यासाचं तोंड ०.७ वेगात पाच मिनिटं धरलं की सुमारे ४१ घनमीटर पाणी गाळलं जातं. अवस्था ओळखायची अंडी १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवा, डीएनएसाठीची अल्कोहोलमध्ये. देशी माशांचीही काही अंडी अशीच मोठी आणि पारदर्शक असतात, म्हणून दिसण्यावरून जात जाहीर करू नका.

मॉडेल आणि जाळं यांचा मेळ बसला नाही तर या क्रमाने तपासा. अंडी मॉडेलच्या आधी पोचली तर पहिला संशय हेक-रासमधल्या निष्क्रिय क्षेत्रावर घ्या. वेळेवर आली पण अवस्था पुढची निघाली तर तापमान पाहा, बहुधा मधल्या टप्प्याचा लॉगर कमी पडलेला असतो. तळाशी ओढलेल्या जाळ्यात भरपूर आणि वरच्यात काहीच नाही, असं झालं तर अंड्याचा व्यास आणि घनता पुन्हा मोजा. आणि एकाच ओढीत दोन स्पष्ट वेगळ्या अवस्थांची अंडी मिळाली तर मॉडेलला हात लावू नका: वीण दोनदा, किंवा दोन ठिकाणी, झालेली आहे. दोन्ही गट वेगवेगळे मागे चालवा.